व्याह्यांची पुटकुळी

माक बिंगसाउंना माणसाचं तोंड पाहूनच त्याची उष्णता कळायची. ग्वांगझौच्या त्यांच्या गल्लीत कुणाला पुटकुळी येवो, कुणाचा घसा बसो की कुणी बायकोवर ओरडो, निदान एकच: आत उष्णता साठलीय. उपायही एकच, चोवीस झाडपाल्यांचा काळाकुट्ट कडू काढा. त्यांची लेक युकतिंग मात्र पोटाची डॉक्टर निघाली. "बाबा, सगळ्यांना एकच काढा चालत नाही. कुणाकुणाचं पोट बिघडतं," असं ती म्हणायची. घरचीच माणसं उलटली, दुसरं काय!

त्या रविवारी तिचं लग्न ठरवायला मुलाचे वडील, पेंग, हुनानहून आले. हुनानची माणसं नाश्त्यालाही मिरची खातात. दारातच व्याह्यांच्या हनुवटीवर लालभडक पुटकुळी दिसली आणि माकांचा चेहरा खुलला.

"बाबा, आज काढा नको," युकतिंग कुजबुजली.

"तू गप्प बस. लग्न मी जुळवतो."

पेंगांनी भिडेखातर पहिला पेला एका दमात रिकामा केला. माकांनी लगेच दुसरा भरला. तोही संपला आणि पेंगांच्या पोटात गुरगुरू लागलं. कळ सोसत ते दोन बोटं टेबलावर आपटू लागले.

आता ग्वांगझौत चहा ओतणाऱ्याचे आभार असेच मानतात. माक गहिवरले. "पाहिलंस? हुनानचे असून आपली रीत कशी जाणतात!" त्यांनी तिसरा भरला. पेंगांची बोटं जोरात आपटू लागली. माकांनी चौथा भरला.

"बाबा, पुरे. त्यांना त्रास होतोय."

"त्यांना गोडी लागलीय. व्याही, काळजी सोडा. आमची पोर तुम्हाला रोज सकाळी हाच काढा करून घालेल."

पेंग उठले ते थेट संडासात गेले. अर्ध्या तासाने भिंतीला धरून बाहेर आले. युकतिंगने मीठ-साखरेचं पाणी हातात दिलं आणि हळूच सांगितलं, "काका, इथे टेबलावर बोटं आपटू नका. लोक आणखी ओततात."

घोटभर पाणी पिऊन पेंगांनी विचारलं, "माकसाहेब, खरं सांगा. हा काढा मुलीला येतो?"

युकतिंगचं तोंड एवढंसं झालं. माकांनी तिच्याकडे पाहिलं आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मान खाली घातली. "नाही हो. मघाशी बढाई मारली. किती शिकवलं, पण हिच्या डोक्यात काही शिरलं नाही."

"मग लग्न पक्कं."

माकांनी आनंदाच्या भरात पुन्हा किटली उचलली. पेंगांनी झटकन दोन्ही हात मांड्यांखाली दडवले.