वकीलबाईंचा दंडाचा डबा

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. अक्षर वाईट आहे आणि वेलांट्या चुकतील, त्याबद्दल माफ करा.

झालं. पहिल्याच ओळीला दोन रुपये दंड बसला.

हा दंड वकीलबाईंचा. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला जाते. त्यांच्या ओट्यावर साखरेच्या डब्याशेजारी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो, झाकणाला चीर पाडलेला. चूक नसताना जो माफी मागेल त्याने त्यात एक रुपया टाकायचा. चूक व्हायच्या आधीच मागितली तर दोन. महिनाअखेरीला डबा उघडतात, त्या पैशांची जिलबी येते आणि ज्यांनी ज्यांनी दंड भरला त्या सगळ्यांना वाटली जाते. त्यामुळे कुणी सुधारत नाही.

दूधवाला एकदा उशिरा आला. म्हणाला, "माफ करा बाई, गाडी पंक्चर झाली."

"खिळा तू टाकला होतास रस्त्यात?"

"नाय बा."

"मग कसली माफी? टाक रुपया."

त्याने टाकला. दुसऱ्या दिवशी वेळेवर आला तरी सवयीने "माफ करा" म्हणाला आणि पुन्हा टाकला.

गणपतीच्या पूजेला गुरुजी आले होते. पूजा छान झाली. शेवटी गुरुजी हात जोडून देवाला म्हणाले, काही चुकलं असेल तर क्षमा असावी. बाई लगेच पुढे सरकल्या. "गुरुजी, नक्की काय चुकलं ते सांगा. मी समोरच बसले होते." गुरुजी गडबडले. म्हणाले, तसं काही चुकलं नाही, पण म्हणायची पद्धत आहे. बाईंनी डबा पुढे केला. गुरुजींनी दक्षिणेतला रुपया काढून टाकला आणि जाताना मला हळूच विचारलं, "जिलबी कधी असते?"

बाईंचं वय झालं आहे, पण कोर्टात अजून जातात. लग्न केलं नाही. घरात त्या, डबा आणि भिंतभर पुस्तकं. स्वतः त्या कुणाची माफी मागत नाहीत. चूक झाली तर म्हणतात, "नोंद घेतली." एकदा माझा पगार द्यायला विसरल्या. मी दोन दिवस तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्याच लक्षात आलं. "लताबाई, माझी चूक. नोंद घेतली. आणि तुम्ही गप्प का बसलात? त्याचा एक रुपया." माझ्याच पगारातला रुपया डब्यात गेला.

त्यांच्या हॉलमध्ये एकच फोटो आहे. बाईंना सनद मिळाली त्या दिवशी घरी काढलेला. बारीक चणीची मुलगी, अंगाला मोठा होणारा काळा कोट. मागे दार आहे आणि दाराच्या चौकटीवर एक हात दिसतो. हातात दोन हिरव्या बांगड्या, मागे लुगड्याचा थोडा काठ. बाकी माणूस दाराआड. मी रोज ती काच पुसते. नवीन असताना विचारलं होतं, हे कोण? बाई म्हणाल्या, "माझी आई." एवढंच.

बाईंची महिला वकिलांची संघटना आहे. वकिली शिकणाऱ्या गरजू मुलींना ती दरवर्षी शिष्यवृत्ती देते. माझी अश्विनी वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने अर्ज केला. मुलाखतीच्या दिवशी बाई समितीतून उठल्या. म्हणाल्या, हिच्या आईच्या हातचं मी जेवते, मी आत बसणार नाही. आणि बाहेर शिपायाच्या स्टुलावर जाऊन बसल्या. अश्विनी सांगत होती, मुलाखत चालू असताना दार तीनदा किलकिलं झालं आणि तिन्ही वेळा फटीत बाईंचा चष्मा दिसला. शेवटी आतून कुणीतरी ओरडलं, "ताई, आत या नाहीतर घरी जा!"

अश्विनीची निवड झाली.

आता त्या कार्यक्रमाची पद्धत बाईंनीच पाडलेली आहे आणि ती सगळी उलटी आहे. स्टेजवरच्या मोठ्या खुर्च्यांत मुली आणि त्यांच्या आया बसतात. काळे कोट घातलेल्या वकीलबाया चहाचे ट्रे घेऊन फिरतात. पाहुणे खाली लोकांत. आणि प्रत्येक आईने माइकवर आपलं नाव सांगायचं.

हे ऐकलं आणि मी घाबरलेच. चार माणसांत मला नीट "हो" म्हणता येत नाही. रेशनच्या रांगेत कुणी पुढे घुसलं तर मीच मागे सरकते. मी पोळ्या लाटत होते तेव्हा बाईंना सांगून टाकलं.

"बाई, मी नाय येत. माझं काय काम तिथं? अश्विनीला लाज आणीन मी. माफ करा."

मी पदराच्या गाठीतला रुपया काढूनच ठेवला होता. पण बाईंनी डब्याकडे पाहिलं नाही. त्या उठून हॉलमध्ये त्या फोटोपाशी गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. त्यांचा चहा गार झाला, तो मी परत तापवला.

घरी अश्विनीने ऐकलं आणि पुस्तक मिटलं.

"तू खुर्चीत नाही, तर मी पण नाही. त्यांना कळवते उद्या."

"अगं येडी का तू? वर्षाची फी हाय ती!"

"मग ये."

बापावर गेली आहे. ते टेम्पो चालवतात आणि द्वारकेच्या भर गर्दीच्या चौकातही तो कुणासाठी मागे घेत नाहीत.

शेवटी मी कार्यक्रमाला गेले. येवल्याच्या बहिणीकडून तिची पैठणी मागून आणली होती. तिला डाग पडेल या भीतीने मी खुर्चीत नुसती टेकले होते. समोर हॉल भरलेला. अश्विनी माझ्या कानात म्हणाली, "श्वास घे आई."

तेवढ्यात बाई ट्रे घेऊन आल्या. आमच्या ओळीत चहा मीच देणार म्हणून भांडल्या होत्या म्हणे. कोर्टात त्यांचा आवाज बाहेरच्या टपरीपर्यंत जातो असं सगळे सांगतात. पण माझ्यापुढे कप धरला तेव्हा "चहा घ्या" हे मला जेमतेम ऐकू आलं, आणि कपाऐवजी त्या माझ्याकडेच बघत होत्या. कप कलंडला.

"अगं बाई! माफ करा, लताबाई!"

मग मागून एक तरुण वकीलबाई ओरडली, "दंड!"

त्यावर जी गंमत झाली! दोन्हीकडून वकीलबाया उभ्या राहिल्या.

"दंड कसा? गरम चहा सांडला आहे, म्हणजे चूक आहे, म्हणजे माफी रास्त आहे!"

"सांडला कुठे ते आधी सांगा!"

"ताईंनी जन्मात पहिल्यांदा माफी मागितली, ती तरी सोडा!"

"मुळीच नाही! मी आतापर्यंत ताईंच्या डब्यात किती भरलेत!"

बाई ट्रे घेऊन आरोपीसारख्या उभ्या. शेवटी माइकवाल्या बाई म्हणाल्या, "चहा ज्यांच्यासमोर सांडला त्यांनाच विचारा. निकाल त्या देतील." आणि माइक माझ्या हातात.

मी उभी राहिले. कपाकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं. जे दिसलं ते सांगितलं.

"चहा बशीत सांडलाय. साडी कोरडी हाय. चूक झालीच नाय. बाईंनी रुपया भरावा."

हॉल नुसता हसून कोसळला. टाळ्या थांबेनात. तेव्हा कुठे मला कळलं की मी माइकवर बोलले. नाव सांगायचं राहिलं होतं, तेही सांगून टाकलं.

"आणि मी लता. अश्विनीची आई."

बाईंनी कोटाचे खिसे चाचपले. एक नाणं नाही. "उधार," त्या म्हणाल्या. पुन्हा सगळे हसले.

मग फोटो काढायची वेळ आली. सवयीप्रमाणे मी एकेक पाऊल मागे सरकत पडद्याआड गेले. मागून कुणीतरी माझं मनगट धरलं. बाई होत्या. आवाज अगदी बारीक होता.

"पडद्यामागे नाही, लताबाई. पूर्ण या."

मला दारावरच्या हिरव्या बांगड्या आठवल्या. मी पुढे आले, अश्विनीच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले आणि फोटोवाल्याने काढले तेवढे सगळे फोटो काढून होईपर्यंत हलले नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले. हॉलमध्ये जुन्या फोटोशेजारी भिंतीत नवा खिळा ठोकलेला होता. फोटो अजून यायचा होता. बाई दारातच उभ्या होत्या. मी चपला काढायच्या आत त्यांनी माझ्या तळहातावर रुपया ठेवला.

"डब्यात टाकते," मी म्हणाले.

"डब्यातला नाही तो. निकाल तुम्ही दिलात, तुमचा आहे. उधारी पूर्ण फिटली. पोचला म्हणा."

"पोचला, बाई."

"मोठ्याने म्हणा."

"पोचला!"

"बरं. चहा टाका आता," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसत पुस्तकांकडे वळल्या.