दहापैकी साडेतीन

निबंधावर नाव घालायचं नाही, हा नियम सरांनी वर्गात जाहीर केला तेव्हा त्यांना स्वतःचाच फार अभिमान वाटला. सर कॉलेजात लेखन शिकवत. 'सर पहिल्या बाकाला जास्त मार्क देतात' अशी कुजबुज त्यांच्या कानावर आली होती. (खरीच होती. पहिल्या बाकावरची मुलं निदान जागी असायची.) म्हणून यापुढे सगळे निबंध टाइप केलेले, एकाच मापाच्या कागदावर. तपासून आल्यावर ज्याचा त्यानं ओळखून उचलायचा. पहिलाच विषय दिला, 'सध्या देशात जे चाललंय'.

नेमका तोच विषय सरांच्याही मानगुटीवर बसला होता. एका साप्ताहिकाचे संपादक म्हणाले होते, "राजकारणावर एक लेख द्या. जमला, तर दर आठवड्याला सदर." सदर! चोवीस वर्षं सर या एका शब्दाची वाट बघत होते. मिळालंच आहे अशा थाटात त्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहासुद्धा पाजला होता. आता न मिळून चालणार नव्हतं.

लेख सरांनी रविवारी लिहिला, बायकोनं टाइप केला. नियम म्हणजे नियम, म्हणून त्यावरही नाव नाही.

बुधवारी संध्याकाळी सर जेवणाच्या टेबलावर निबंधांचा गठ्ठा घेऊन बसले. लेखही तिथेच कुठेतरी पडला होता. पहिल्या निबंधात देश एका वळणावर उभा होता. दुसऱ्यातही तो तिथेच होता. अकराव्यापर्यंत देश जागचा हलेना, तेव्हा सरांचं डोकं फिरलं. (हे वळण मुलांना दाखवलं कोणी? दरवर्षी पहिल्या तासाला सरांनीच. पण ते कोण आठवतंय!) बाविसावा निबंध हातात आला आणि सर त्यावर तुटून पडले. 'देश वळणावर उभा आहे' याच्या शेजारी लाल पेनानं लिहिलं, 'त्याला आता बसू द्या.' 'जनता झोपली आहे' याच्या शेजारी, 'आणि तुम्ही? मागच्या निवडणुकीत मत दिलंत का?' आणि मागच्या पानावर शेवटचा शेरा, 'कळकळ दिसते, स्वतःचं मत दिसत नाही. सरांची नक्कल केली आहे. तीही जमलेली नाही. साडेतीन.'

मग सर अगदी समाधानानं जेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कॉलेजातून बायकोला फोन लावला.

"अगं, लेख पोचवलास का?"

"केव्हाच. ऑफिसला जाताजाता पाकीट दिलं त्यांच्याकडे. बराच वेळ सापडत नव्हता हो, शेवटी तुमच्या त्या गठ्ठ्यात निघाला."

"गठ्ठ्यात?"

"हो. लाल पेनानं सुधारलेला दिसला, म्हटलं बरं झालं, एकदा तरी स्वतःचं तपासलंत."

"मागचं पान बघितलंस?"

"घाईत होते मी. का हो? काय झालं?"

संध्याकाळी सरांनी सगळं सांगितलं. बायकोला आधी हसू आलं, मग त्यांचा चेहरा बघून तिनं ते गिळलं. "जाऊ दे हो. मला तर आवडला होता लेख."

"लेखाचं सोड," सर म्हणाले. "मी मुलांना इतकं लागेल असं लिहितो? चोवीस वर्षं? आणि मत द्यायला मी खरंच गेलो नव्हतो गं."

"सर्दी झाली होती तुम्हाला," बायको म्हणाली आणि तिनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. सरांना तेवढ्यानंही भरून आलं.

शुक्रवारी सकाळी संपादकांचा फोन आला. "सर, लेख वाचला. ठीक आहे. पण ते लाल शेरे कोणाचे हो? अहो, अख्खं ऑफिस पोट धरून हसलं! सदर आम्ही त्यांनाच देतोय. कोण आहेत ते?"

स्वतःच्याच लेखाला साडेतीन दिले हे सांगायचं कोणत्या तोंडानं? "आमच्या... आमच्या कॉलेजातले एक जण आहेत," असं पुटपुटून सरांनी फोन ठेवला.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?" फोनला कान लावून सगळं ऐकणारी बायको कडाडली. "चालून आलेलं सदर दुसऱ्याला देताय? लाज बाजूला ठेवा आणि खरं काय ते सांगा. लावा फोन!"

सरांनी लावला. घसा खाकरला. डोळे मिटले.

"साहेब, मघाशी मी खोटं बोललो. ते शेरे मीच लिहिलेत."

संपादक फार समजुतीच्या सुरात म्हणाले, "सर, तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे. पण तुम्हीच सांगा, ज्याला एवढं कळतं, तो माणूस असा लेख लिहील का?"