उभे राहता येईल असा तंबू

विमानाशेजारी तंबू ठोकून झोपलेला माणूस हा पृथ्वीवरचा शेवटचा स्वतंत्र माणूस असतो, असे व्हर्लिन टॉस्ट्रुडचे ठाम मत होते. मत इतके ठाम राहण्याचे कारण असे की, तो स्वतः तसा कधी झोपला नव्हता.

दर जुलैत विस्कॉन्सिनमध्ये छोट्या विमानांचा मेळा भरे. लोक गवतावर विमान उतरवत, पंखाखाली तंबू टाकत आणि सकाळी चाकाला टेकून अंडी तळत. व्हर्लिन मिनेसोटाहून आपल्या दोन आसनी विमानातून दरवर्षी जाई, इतरांची अंडी बघे आणि संध्याकाळी घरी परत येई. मुक्काम करायचा तर आर्डिसबरोबर, असे त्याने ठरवले होते. आर्डिस म्हणजे त्याची बायको. विमानाशी तिचे नाते नवऱ्याच्या भावाशी असावे तसे होते. प्रकृतीची चौकशी करायची, पण राहायला बोलवायचे नाही.

या वर्षी ती नोकरीतून निवृत्त झाली आणि पहिल्याच आठवड्यात बटाटे सोलता सोलता म्हणाली, "यंदा येईन म्हणते मी."

"कुठे?"

"तुझ्या त्या मेळ्याला. तसं काही वाईट नसेल."

त्या भागात यापेक्षा जास्त उत्साह दाखवणे असभ्य समजतात. लग्नाला होकार देतानाही ती हेच म्हणाली होती. व्हर्लिनने हातातला चमचा खाली ठेवला.

"एकच आहे," आर्डिस म्हणाली. "मला तंबूत उभं राहून पँट घालता आली पाहिजे. आडवं पडून पँट घालायचं माझं वय राहिलं नाही. आणि तू बाहेर चादर धरून उभा राहणार असशील, तर मी आत्ताच सांगते, मी बहिणीकडे जाईन."

व्हर्लिनने आठवड्याच्या आत उभे राहता येईल असा तंबू आणला. तो दिवाणखान्यात उभारण्यासाठी सोफा अंगणात न्यावा लागला. आर्डिस आत गेली, उभी राहिली, एक पाय उचलून बघितला आणि बाहेर आली. "ठीक आहे," ती म्हणाली. व्हर्लिनच्या डोळ्यांत पाणी यायचे तेवढे बाकी होते.

दुसऱ्या दिवशी तो तंबू घेऊन हँगरवर, म्हणजे विमान ठेवायच्या शेडवर गेला. समोरच्या हँगरमध्ये लाइल कोपेकी बसलेला असे. त्याचे विमान दुरुस्तीसाठी कित्येक वर्षे उघडून ठेवलेले होते, त्यामुळे सल्ला द्यायला त्याला भरपूर वेळ मिळे. लाइलने पिशवी एका हाताने उचलायचा प्रयत्न केला आणि मग दोन हातांनी.

"हे काय आणलंयस? चर्च?"

"तंबू आहे."

"अरे, तुझ्या विमानात तुम्ही दोघं बसलात की डबा न्यायची पंचाईत. यात हे टाकणार? मग पेट्रोल कमी भर. उडशील, आणि पुढच्या गावात शेतात उतरशील. तंबू आहेच, तिथंच राहा."

व्हर्लिनने घरी येऊन आकडे मांडले. लाइलचे म्हणणे खरे होते, आणि ते त्याला फार लागले.

मग हलके तंबू सुरू झाले. पहिला इतका हलका होता की, टपालवाल्याने रिकामे पाकीट समजून दारात टाकला. तो उभारल्यावर आर्डिस गुडघ्यांवर बसून आत शिरली, कमरेपर्यंत गेली आणि थांबली.

"व्हर्लिन."

"बोल ना."

"याला तंबू नाही म्हणत. याला पायमोजा म्हणतात. ओढ मला."

त्यानंतरच्या तंबूत माणूस बसू शके, पण मान वाकवून, शोकसभेला बसल्यासारखे. आर्डिस त्याबद्दल तक्रार करत नव्हती. ती नुसती "हं" म्हणे, आणि त्या एका "हं"मध्ये बहिणीच्या गावाचा रस्ता व्हर्लिनला स्पष्ट दिसे.

मे महिन्यात त्याला विमानाच्या पंखालाच अडकवायचा तंबू मिळाला. खांब नाहीत, वजन नाही. पंख हेच छप्पर आणि तिन्ही बाजूंनी कापड सोडायचे. पंखाखाली आर्डिस सरळ उभी राहू शके. व्हर्लिनने हँगरसमोर तो अडकवला, लाइलने टाळ्या वाजवल्या, आर्डिस आत उभी राहिली. त्या दिवशी ऊन फार होते. टाकी गच्च भरलेली होती. ऊन तापले की पेट्रोल फुगते आणि पंखाखालच्या नळीतून थेंब थेंब गळते, हे व्हर्लिनला माहीत होते. फक्त ती नळी नेमकी आर्डिसच्या डोक्यावर येते, हे माहीत नव्हते. आर्डिस त्याच सकाळी केस सेट करून आली होती.

ती बाहेर आली तेव्हा लाइलने अदबीने सिगारेट विझवली.

"वजनाचा प्रश्न आहे ना सगळा?" केस टिपत आर्डिस म्हणाली. "मग एकदाचं वजन करून टाकू. तंबू तोलायला आणलेला घरचा काटा गाडीत आहे."

"तसं काही नाही गं," व्हर्लिन घाबरून म्हणाला. छोटी विमाने उडवणाऱ्यांना बायकोचे वजन हिशेबात धरावे लागते आणि ते विचारता येत नाही. म्हणून प्रत्येक जण अंदाजाने काहीतरी धरतो, त्यात सुरक्षिततेसाठी थोडे वाढवतो आणि तो आकडा कबरीपर्यंत मनात ठेवतो.

"तू माझं किती धरलंस?" आर्डिसने विचारले.

लाइल हँगरच्या छताकडे बघू लागला. छतावर बघण्यासारखे काही नव्हते.

व्हर्लिनने आकडा सांगितला. आर्डिस काट्यावर चढली. ती बरीच कमी भरली. तिने काट्यावरून उतरून नवऱ्याला जागा करून दिली. व्हर्लिनने स्वतःचे वजन मुलीच्या लग्नाआधी करून घेतलेल्या डॉक्टरी तपासणीवरून धरले होते. मुलीला आता दोन मुले होती. काटा त्या आकड्याच्या बराच पुढे जाऊन थांबला.

"म्हणजे तो मोठा तंबू तू अंगावर घालूनच हिंडतोयस," आर्डिस म्हणाली.

मग व्हर्लिनने जेवण कमी केले. जून महिनाभर त्याने बटाटा सोडला, चीज सोडले, चर्चच्या जेवणात दुसऱ्यांदा वाढून घेणे सोडले, त्यामुळे तो आजारी असल्याची बातमी गावात पसरली आणि सहानुभूती म्हणून घरी रोज कोणी ना कोणी बटाटा आणि चीज आणून देऊ लागले. नको म्हणणे बरे दिसत नाही. जुलै उजाडला तेव्हा तंबूच्या खुंट्यांइतके वजन उतरले होते.

"हे बघ," आर्डिस म्हणाली. ती दमली होती. सोफा पुन्हा अंगणात होता. "तू विमानानं जा. मी मोटारीनं तंबू घेऊन येते. रात्री तिथं दोघंही असू. तुला तेवढंच हवंय ना?"

व्हर्लिनने विचार केला. त्याला खरोखर तेवढेच हवे होते. आणि हे पहिल्याच दिवशी सुचले असते तर बाकी काही घडलेच नसते, हाही विचार त्याच्या मनात आला. तो त्याने बोलून दाखवला नाही.

व्हर्लिन दाढीचे सामान घेऊन उडाला. वारा समोरून होता. खालच्या हायवेवर ट्रक त्याच्या पुढे जात होते. आर्डिस वाटेत कॉफी-डोनटसाठी थांबूनही त्याच्या आधी पोचली आणि फाटकावरच्या माणसाने तिला अडवले.

"विमानाजवळ मुक्काम? विमान कुठाय, बाई?"

"येतंय मागून."

"विमान आल्याशिवाय तिकडं सोडता येत नाही हो. मोटारवाल्यांची जागा त्या टोकाला आहे."

तासाभराने व्हर्लिन उतरला. केशरी जाकीट घातलेल्या मर्ल नावाच्या म्हाताऱ्या स्वयंसेवकाने खिडकीतून आत वाकून बघितले.

"मुक्काम करणार म्हणता, पण तंबू दिसत नाही."

"तंबू बायको आणतेय. मोटारीनं."

मर्ल खिडकीतून मागे सरला. असले बरेच नवरे त्याने पाहिले असावेत. "तंबूशिवाय विमान नुसतं उभं करायच्या रांगेत जातं, भाऊ. तिथं झोपता येत नाही."

अशा रीतीने विमान मैदानाच्या एका टोकाला आणि तंबू दुसऱ्या टोकाला लागला. व्हर्लिन चालत चालत मोटारवाल्यांकडे पोचला तेव्हा तंबू उभा होता. शेजारच्या चार माणसांनी तो उभारून दिला होता. आर्डिस खुर्चीत बसली होती. हातात कोणाची तरी कॉफी होती.

"इथं गरम पाणी आहे," ती म्हणाली. "माणसंही बरी आहेत. पुढच्या वर्षीही यायला हरकत नाही."

व्हर्लिन गवतावर बसला. "छान," तो म्हणाला. मग लांबवर कुठले तरी विमान उतरले, त्याच्याकडे त्याने बघितलेसुद्धा नाही.

आर्डिसने कॉफी संपवली. "चल, ऊठ," ती म्हणाली. "काढ खुंट्या."

"अगं, राहू दे."

"खुंट्या काढ म्हणते ना. इतके महिने अंगणात बसून टीव्ही बघितलाय मी, तो काय मोटारीशेजारी झोपायला?"

त्यांनी तंबू उतरवला, शेजाऱ्यांच्या हातगाडीवर घातला आणि मैदानभर ओढत नेला. आर्डिसने मर्लसमोर तंबू ठेवला आणि त्यावर घरून आणलेला, रूबार्बच्या आंबटगोड वड्यांचा डबा ठेवला. मर्लने एक वडी खाल्ली. दुसरी खाताना त्याला आठवले की, मुक्कामाच्या रांगेत टोकाचा एक जण दाढ दुखते म्हणून नुकताच उडून गेलाय. तिसरी वडी हातात धरून तो स्वतः विमान ढकलायला आला.

उजेड होता तोवर तंबू पुन्हा उभा राहिला. या वेळी मर्लने ओरडून ओरडून सूचना दिल्या आणि कोणीच ऐकल्या नाहीत, त्यामुळे काम लवकर झाले. पलीकडे हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर व्हर्लिनचे विमान होते. आर्डिस आत गेली, उभी राहून पँट बदलली, आडवी झाली आणि म्हणाली, "व्हर्लिन, हे काही वाईट नाही." मग ती लगेच घोरू लागली.

व्हर्लिन तिच्या शेजारी पाठ टेकून पडला. सगळे अंग दुखत होते. इतक्या वर्षांनी तो विमानाशेजारी झोपत होता आणि आर्डिस बरोबर होती. हलकेच, तिला जाग येऊ न देता, तो विमान बघायला कुशीवर वळला.

तंबूला त्या बाजूला खिडकी नव्हती.