गडावरल्या पाण्याच्या मोजणीची हकीकत

श्रीमंगलमूर्तीस नमन करून आणि जळदेवतेस हात जोडून, जे डोळ्यांदेखत घडले ते येथे लिहितो. शके सोळाशे एक्याऐंशी, प्रमाथी नाम संवत्सर, चैत्र वद्य पक्षी गनिमाने गडास वेढा घातला. गडाचे व राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. गडावर माणूस तीनशे, किल्लेदार हणगोजीराव. गनिमाचा सांगावा आला की हत्यारांसुद्धा उतरून जावे, अडवणार नाही. आणि पाऊस पडून नदी चढली म्हणजे गनिमास उठणे प्राप्त, हेही सर्वांस ठाऊक. पाऊस साठ दिवसांवर. मग रावांनी नूरू पखालीस बोलाविले, कां की टाक्याचे पाणी तोच उपसून घरोघर घालीत असे, आणि पाणी साठ दिवस पुरेल की नाही ऐसे पुसिले.

नूरूने वेळू टाक्यात सोडिला, पाणी पाच हात भरले. चोवीस बोटांचा हात, म्हणजे एकशेवीस बोटे. रोज तीन बोटे पाणी उतरते हे त्याने पाच दिवस पाहून ठेविले होते, सबब चाळीस दिवसांचे पाणी ऐसे त्याने सांगितले. तेव्हां सटवोजी पाथरवट पुढे आला. त्याचे आज्याने ते टाके खोदिले होते. तो बोलिला की तळचा एक हात निम्माच रुंद आहे, त्यात पाणी निम्मेच राहते, सबब चाळीस नव्हे, छत्तीस. राव पुसते जाहले, "छत्तिसांचे साठ कैसे करावे?" नूरू म्हणाला, "पाच तांबे पिणाराने तीन प्यावे, साहेब. मग साठ होतात." मुदपाकखान्याची म्हाळसाबाई, तिने तांदळास किती पाणी लागते आणि नाचणीस किती ते मापून, भात बंद केला आणि भाकरीवर गड चालविला. रावांनी आपल्या घरीही तीनच तांबे घेतले आणि गनिमास नकार पाठविला.

दहा दिवस लोटले. नूरूने वेळू सोडिला. पाचाचे तीन केल्यावर तीस बोटांचे ठायी अठरा बोटे उतरावयाचे, ते पाणी वीस बोटे उतरले होते. दोन बोटे पाणी कोठे गेले? टाक्यावर पहारा गोमाजी शेलाराचा, आणि त्याचे घरी लेकरे लहान, बायको बाळंतीण. लोक तहानेले, संशय धरावयास वेळ तो किती! गोमाजी शपथा वाहू लागला, परंतु कोणी ऐकेना, आणि रावांनी उदईक त्याचा कडेलोट करावा ऐसा हुकूम दिला. ते समयी नूरू रावांचे पायांपाशी बसला आणि म्हणाला, "चूक माझी असेल, साहेब. एक दिवस द्यावा. माझी चूक नसली तर त्याजबरोबर मलाही लोटावे." रावांनी दिवस दिला. मग नूरूने एक पसरट घंगाळ काठोकाठ भरून टाक्याचे काठी ठेविले, वर विरळ जाळे बांधून रावांचे शिक्क्याने बंद केले, आणि चौघे हुजरे भोवती बसविले. कोणी हात लाविला नाही. दुसरे दिवशी त्याच वेळी शिक्का फोडून पाहिले, तो पाणी अर्धे बोट उतरलेले. नूरूने कपाळ बडविले आणि सांगितले की रोजच्या तीन बोटांत अर्धे बोट उन्हाचे होते. माणसांची अडीच बोटे तोडून आपण दीड केली, उन्हाचे अर्धे तोडिले नाही, सबब रोज दोन बोटे उतरली आणि दहा दिवसांत अठराची वीस जाहली. ऐसेच चालले तर चोपन्नावे दिवशी टाके कोरडे.

गोमाजीचे दोर सोडिले. मग टाके झाकावयाचा विचार पडला. डेरे-तंबू ठोकणारा फरास, त्याने दोरी धरून पाहिले, टाके वीस हात लांब, बारा हात रुंद. दोन हात पन्ह्याच्या दहा पट्ट्या, बांधणीचे धरून एकेक चौदा हातांची, एकूण एकशेचाळीस हात कापड. रावांनी आपला डेरा फाडून दिला, त्यात शंभर हात निघाले. उरल्या चाळिसांस तीन लुगडी लागली, आणि पहिले लुगडे गोमाजीचे बायकोने आणून दिले. तिने कोणास काही बोल लाविला नाही, आणि ते पाहून कित्येकांनी माना खाली घातल्या.

साठावा दिवस उगवला, आणि पाऊस नाही. एकसष्टावा, बासष्टावाही तैसाच. नूरूची काठी तळाचे दगडास लागून वाजे, परंतु झाकणाखाली पाणी होते, आणि तीन तांबे कोणाचे चुकले नाहीत. त्रेसष्टावे दिवशी दुपारी आभाळ फुटले. नदी चढली, आणि आठ दिवसांत गनीम चिखलात तोफा टाकून उठून गेला.

मग राव पायी चालून गोमाजीचे घरी गेले. गोमाजी उठून मुजरा करू लागला, त्यास हाताने राहविले, आणि बोलिले, "अर्ध्या बोटासाठी आम्ही तुझा जीव घेत होतो." त्याची लेकरे उंबऱ्यात उभी होती. राव त्यांजपाशी उंबऱ्यावर टेकले आणि मग उठून आले.

एकंदर वेढा एकाहत्तर दिवस. तीनशे माणसांपैकी तिघे तापाने निमाले, तहानेने कोणी नाही. त्या सालापासून गडावर कोणास दंड करणे जाहल्यास, आधी ज्याचे काम त्याजकडून मोजून घ्यावे, ऐसा शिरस्ता जाहला. घडले तितके लिहिले.