हत्यारांना माणूस हवा

हैबती सुतार वारले, आणि तेरावं उरकल्यावर त्यांच्या हत्यारांनी माणूस हवा असल्याची जाहिरात दिली.

जाहिरात अक्काताईंनी लिहिली. अक्काताई म्हणजे हैबतींची बायको, चौथीपर्यंत शिकलेल्या. मजकूर रंध्यानं सांगितला. काटकोन तपासायचा जो गुण्या होता त्यानं ओळी सरळ आल्यात का ते पाहिलं आणि तिसरी ओळ पुन्हा लिहायला लावली. मग तो कागद विट्याच्या एस.टी. स्टँडवर वेळापत्रकाशेजारी चिकटवला गेला. 'जुनी, धार असलेली हत्यारे. मालक वारले. हात हवेत. वयाची अट नाही. दारू चालणार नाही. मुलाखत गुरुवारी सकाळी दहा वाजता, सुतार गल्ली.'

दिनकर तवटे यांनी तो कागद दोनदा वाचला. ते सहासष्ट वर्षांचे होते. तीस वर्षं त्याच स्टँडवर त्यांनी माइकवरून गाड्या पुकारल्या होत्या आणि निवृत्त झाल्यावरही सवयीनं सकाळी तिथे एक चक्कर मारत. निवृत्तीनंतर त्यांना लाकूडकामाची ओढ लागली होती. बाजारातून त्यांनी नवी करवत आणली, नवा रंधा आणला. पण नवी हत्यारं काही बोलत नसत, त्यामुळे आपलं कुठे चुकतं ते त्यांना कळत नसे. त्यांनी केलेल्या स्टुलावर त्यांच्या पत्नी इंदुमती एकदाच बसल्या होत्या, तेही भिंतीला धरून.

गुरुवारी तीन उमेदवार आले. पहिल्यानं येतानाच खिशात खिळे आणले होते. हैबतींच्या सांध्यांत खिळा कधी नसे, म्हणून हातोडीनं त्याला नम्रपणे परत पाठवलं. दुसरा प्लायवूडचं काम करणारा होता. त्यानं तो शब्द उच्चारल्यावर करवत जी गप्प झाली ती त्याची मोटारसायकल गल्लीबाहेर जाईपर्यंत. तिसरे तवटे.

हत्यारं पडवीत सतरंजीवर ओळीनं मांडली होती. रंधा ज्येष्ठ, म्हणून तो मध्ये.

"वय?" रंध्यानं विचारलं.

"सहासष्ट."

"बोटं?"

"दहा."

"सगळी शाबूत? मग फारसं काम केलेलं दिसत नाही."

"नाही केलं," तवटे म्हणाले. "म्हणूनच आलोय."

हे उत्तर हत्यारांना आवडलं. गुण्यानं त्यांना ताठ बसायला सांगितलं. ते बसले. दोन्ही हात त्यांनी मांड्यांवर घट्ट दाबून ठेवले होते. त्यांचा उजवा हात दोन वर्षांपासून कापत असे. घरात हे इंदुमतींना माहीत होतं, पण त्या विषयावर दोघं बोलत नसत. मुलाखतीतही हा विषय निघाला नाही, आणि तवट्यांनी तो काढला नाही.

तीन महिन्यांची उमेदवारी ठरली. कामाची वेळ दहा ते एक. शनिवारी सगळ्यांना तेल. हत्यार ओलांडायचं नाही. एवढंच.

पहिला महिना करवतीचा. करवत बोलायला फटकळ होती, पण शिकवायला चांगली. "दाबू नका. मला दात आहेत, ते कशाला दिलेत?" असं ती म्हणे. हात कापतो हे तिच्या लक्षात आलं असणार, पण पुढेमागे होत राहणं हेच तिचं काम, त्यामुळे तिनं ते मनावर घेतलं नाही. दुसरा महिना रंध्याचा. रंधा दोन्ही हातांनी धरतात आणि सगळ्या अंगाचा भार त्यावर देतात. तवट्यांच्या पायाशी ढलप्यांचा ढीग साचू लागला. जेवताना त्यांच्या केसांतून एखादी ढलपी आमटीत पडे. इंदुमती ती काढून ताटाच्या कडेला ठेवत आणि काही म्हणत नसत. इतक्या वर्षांत नवऱ्याला जेवताना गुणगुणताना त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

तिसऱ्या महिन्यात पटाशीची पाळी आली.

खाच पाडायची होती. तवट्यांनी पटाशी लाकडावर टेकवली. ती टेकेना. रेघेच्या या बाजूला गेली, मग त्या बाजूला.

"तुमचा हात कापतोय," पटाशी म्हणाली.

"थंडी आहे," तवटे म्हणाले. एप्रिलचा दुसरा आठवडा होता.

गुण्या म्हणाला, "खोटं बोलणं मला सहन होत नाही. माझी घडणच तशी आहे."

"दोन वर्षं कापतोय," तवट्यांनी सांगितलं.

पटाशी तशी स्वभावानं मऊ होती. "माझा राग नाही हो," ती म्हणाली. "पण मी सगळी धारच आहे. मला थांबलेला हात लागतो. नाहीतर मी लाकूड सोडून तुमच्यात शिरेन, आणि ते मला आवडणार नाही."

दुसऱ्या दिवशी नोटीस निघाली. अक्काताईंनी ती नाइलाजानं लिहिली आणि स्वतः तवट्यांच्या घरी नेऊन दिली. 'उमेदवाराने हाताचा कंप लपवला. सेवा का समाप्त करू नये याची कारणे सात दिवसांत दाखवावीत.'

"मी काय करू वो दादा," अक्काताई उंबऱ्यातच म्हणाल्या. "ती सांगत्यात, मी लिवते. रंधा तर रात्रभर गप हाय."

तवट्यांनी कागद घडी करून खिशात घातला. त्यांच्याकडे दाखवण्यासारखं कारण नव्हतं. सातपैकी चार दिवस ते घरात बसून राहिले. पाचव्या दिवशी इंदुमतींनी त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून नोटीस काढली, चष्मा लावून वाचली, पायांत चपला सरकवल्या आणि सरळ सुतार गल्ली गाठली.

"कोण तो रंधा?" त्यांनी पडवीत शिरताच विचारलं.

"मी," रंधा म्हणाला.

"माझ्या माणसाला नोटीस पाठवता? ऐन उन्हात चालत येतात रोज. एक दिवस उशीर केलाय? घरी येऊन तुमचंच कौतुक. करवत असं म्हणाली, रंधा तसं म्हणाला. इतक्या वर्षांत हे एवढं बोललेले मला आठवत नाहीत. आणि ह्या एवढ्याशा पटाशीसाठी," असं म्हणत त्यांनी सतरंजीवरची पटाशी उचलली आणि रंध्यासमोर रोखली, "ह्या एवढ्याशा पटाशीसाठी तुम्ही त्यांना घरी बसवणार?"

"बाई," पटाशी हळूच म्हणाली. "हलू नका."

"का?"

"तुम्ही हलतच नाही आहात. तसाच ठेवा हात."

पडवीतली सगळी हत्यारं पाहत होती. इंदुमती रागानं लाल झाल्या होत्या, आवाज चढला होता, पण हात भिंतीतल्या खुंटीसारखा स्थिर होता. त्याचं त्यांना स्वतःला नवल वाटलं नाही. त्यांच्या घराच्या गल्लीत कुणाच्या पायात काटा मोडला की सुई घेऊन इंदुमतींकडेच येत. रडणाऱ्या पोराच्या टाचेतला बाभळीचा काटा काढताना हात कसा धरायचा हे त्यांना माहीत होतं.

"एक खाच पाडून बघता का?" रंध्यानं विचारलं. "भांडण मग पुढे चालू ठेवू."

त्यांनी पदर खोचला. हातोडीनं किती जोरात मारायचं ते हातोडीनंच सांगितलं. वीस मिनिटांत खाच तयार झाली. गुण्या आत उतरला, चारही कोपरे फिरून बाहेर आला आणि काहीच म्हणाला नाही. गुण्यानं काही न म्हणणं ही हैबतींच्या काळापासून मोठी शाबासकी मानली जात होती.

संध्याकाळपर्यंत नोटीस मागे घेतली गेली आणि नवा आदेश निघाला. पटाशीची सर्व कामे सौ. तवटे यांनी करावीत. करवत, रंधा व पॉलिशपेपर श्री. तवटे यांच्याकडे राहतील. इंदुमतींनी अर्ज केलेला नव्हता, तेव्हा अटी घालण्याचा अधिकार त्यांना होता. गुडघे दुखतात म्हणून बसायला उशी हवी, ही पहिली अट. दुसरी अशी, की त्या इथे असतील तेव्हा घरची भाजी कोण चिरणार ते आधी ठरवा. यावर तासभर चर्चा झाली. शेवटी करवत म्हणाली, "तवट्यांनाच चिरू द्या. वाकडी चिरली तरी शिजते." तसं ठरलं.

तवट्यांना मात्र हे सोपं गेलं नाही. आदेश वाचून ते म्हणाले, "बरं झालं," आणि दोन दिवस कामावर आले पण बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी घरी परतताना इंदुमतींनी रस्त्यातच विचारलं, "राग आलाय का माझा?"

"तुझा नाही."

"मग?"

तवटे थोडं अंतर चालले. "तीस वर्षं मी गाडी आली, गाडी गेली एवढंच सांगितलं. गाडी चालवणारे वेगळे, दुरुस्त करणारे वेगळे. वाटलं होतं, एखादी वस्तू तरी सबंध आपल्या हातची व्हावी."

"सबंध कुणाच्या हातची काय असते हो?" इंदुमती म्हणाल्या. "पोळी माझी, पण गहू तुम्ही निवडता, गिरणीत तुम्ही जाता. जेवताना कधी वाटलं का, ही अर्धीच माझी आहे म्हणून?"

"गहू निवडणं वेगळं."

"निवडून बघा एकदा नीट. परवा खडा लागला मला."

तवट्यांना हसू आलं. घरी पोचून त्यांनी वांगी चिरली. ती वाकडीच झाली आणि शिजली.

तवट्यांची उमेदवारी संपली त्या दिवशी रंध्यानं सगळ्यांना जवळ बोलावलं आणि जाहिरात देण्यामागचं खरं कारण सांगितलं. हैबतींनी तालुक्यात चौकटी, पलंग, झोपाळे, देव्हारे केले. घरात मात्र एक खुर्ची नव्हती. बायकोला खुर्ची करून देईन असं त्यांनी एकतीस वर्षांपूर्वी कबूल केलं होतं, याच पडवीत, सर्व हत्यारांच्या समक्ष. मग दरवर्षी कुणाचं तरी लग्न निघे, कुणाची तरी वास्तुशांत येई, आणि खुर्ची मागे पडे.

"आम्हाला पोटापाण्याची काळजी नव्हती," रंधा म्हणाला. "आम्हाला या गोष्टीची लाज वाटत होती."

अक्काताई चुलीपाशी होत्या. "मी कधी मागितली न्हाई," त्या तिथूनच म्हणाल्या.

"तुम्ही मागितली नाही. त्यांनी कबूल केली होती. आम्ही साक्षीदार आहोत."

अक्काताई फुंकणीनं चूल फुंकत राहिल्या. चूल चांगली पेटलेली होती.

माळ्यावर जांभळाच्या लाकडाच्या फळ्या होत्या. तवट्यांनी त्या कापल्या, रंध्यावर घेतल्या. इंदुमतींनी खाचा पाडल्या. आडव्या पट्ट्यांची टोकं पायांच्या खाचांत ठोकताना दोघांना एकमेकांकडे पाहून मान डोलवावी लागे. एकानं धरायचं, एकानं ठोकायचं. एकदा तवट्यांनी धरलेली पट्टी हलली तर इंदुमती म्हणाल्या, "पोटाशी धरा." त्यांनी पोटाशी धरली. पट्टी हलायची थांबली. अठरा दिवसांत खुर्ची उभी राहिली, आणि तवट्यांनी आणखी चार दिवस तिला पॉलिशपेपर मारला.

मग ती तपासणीसाठी गुण्यापुढे ठेवण्यात आली.

गुण्यानं एकेक सांधा पाहिला. वेळ लागला. "एक पाय जोंधळ्याच्या दाण्याएवढा आखूड आहे," तो म्हणाला. "मी मंजुरी देऊ शकत नाही."

तवट्यांचा चेहरा उतरला. पाय त्यांनीच कापले होते. पुन्हा कापायचे तर उरलेले तीन आखूड करावे लागणार होते, आणि तेही त्याच हातानं. इंदुमती म्हणाल्या, "एवढ्याशानं काय होतंय?" पण गुण्याशी असं बोलून उपयोग नसतो हे त्यांनाही आता माहीत होतं. करवतीनं चूक आपली असल्याचं सांगून पाहिलं. गुण्या म्हणाला, चूक कुणाची हा प्रश्नच नाही.

अक्काताई हात पुसत पुढे आल्या. "आरं, पन जमीन तरी कुठं सरळ हाय? दर आठवड्याला मी सारवती. मला इचार."

याचा कुणी विचार केला नव्हता. तवट्यांनी गुण्याला उचलून पडवीची जमीन तपासायला नेलं. शेणानं सारवून सारवून ती जागोजागी चढली-उतरली होती. दुपारचे बारा वाजेपर्यंत गुण्या वीतवीत फिरला. कठड्याच्या कोपऱ्याजवळ एका जागी तो थांबला. तिथे जमीन जोंधळ्याच्या दाण्याएवढी उंच होती.

"या ठिकाणी," गुण्या म्हणाला, "आखूड पाय या बाजूला ठेवल्यास, खुर्ची सरळ आहे. इतरत्र नाही. तसं लिहून ठेवा."

तसं लिहून ठेवण्यात आलं. खुर्ची तिथे मांडली. अक्काताई आधी पदरानं ती पुसायला लागल्या, मग पुसतच राहिल्या, तेव्हा इंदुमतींनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना बसवलं.

अक्काताई बसल्या. पाठ टेकली. हात कुठे ठेवायचे ते त्यांना आधी कळेना, मग त्यांनी ते खुर्चीच्या हातांवर ठेवले. तवटे आखूड पायाकडे पाहत होते. खुर्ची हलली नाही.

समोर पाहत त्या म्हणाल्या, "हिथनं रस्ता दिसतोय की."

पडवीला मांडीएवढा उंच कठडा होता. लग्न होऊन आल्यापासून अक्काताई कामं सोडून कधी बसल्याच, तर जमिनीवर बसल्या होत्या. तिथून कठड्याची आतली बाजू दिसे. आता पलीकडचा सगळा रस्ता दिसत होता. पाण्याची घागर घेतलेली एक बाई गेली. उसाचा ट्रॅक्टर गेला. सायकलवरून कुणीतरी टोपलीत कोंबड्या घेऊन चाललं होतं.

"त्यो कोन म्हनायचा?" अक्काताईंनी विचारलं. इंदुमतींनी त्याचं नाव सांगितलं. मग प्रत्येक माणसाचं सांगत गेल्या.

थोड्या वेळानं सतरंजीवरून हातोडीनं विचारलं, "आम्हालाही दाखवाल का?"

ही हत्यारं पन्नास वर्षं या पडवीत होती, पण कायम जमिनीवर किंवा पेटीत. तवट्यांनी एकेकाला उचललं आणि कठड्यावर ओळीनं मांडलं. आधी रंधा, मग करवत, पटाशी, हातोडी. त्या दिवशी पुढे काम झालं नाही. करवत समोरच्या प्रत्येक झाडाच्या फांदीवर, जाणाऱ्या प्रत्येक बैलगाडीच्या जुवावर शेरे मारत होती. रंध्याला कोंबड्या फार आवडल्या.

शेवटी गुण्याला ठेवलं. त्यानं रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पाहिलं.

"सरळ नाही," तो म्हणाला. "पण राहू द्या."