रूपरावांची स्वस्त बारूद

कारंज्याच्या पाहुण्यांना रूपरावांची मुलगी कमला पसंत पडली होती. आता घरदार पाहून शब्द पक्का करायला ते येणार होते आणि रूपरावांनी त्यांना हरणाच्या मटणाचं जेवण कबूल करून टाकलं होतं. बोकड म्हटला की विकत आणावा लागतो. हरणं मात्र आर्वीजवळच्या त्यांच्या शेतात रोज संध्याकाळी आपल्या पायांनी येत, हरभरा खात आणि निघून जात. म्हणजे मटण आपल्याच हरभऱ्यावर तयार झालेलं आहे, फक्त वसूल करायचं बाकी आहे, असं रूपरावांचं म्हणणं होतं.

वडिलांची ठासणीची बंदूक घरात होती. पीक राखायचा परवाना होता. नव्हती ती बारूद, आणि गोळ्याही नव्हत्या. रूपराव हिंगणघाटला परवान्याच्या दुकानात गेले, दोन्हींचे भाव विचारले, ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून पुन्हा विचारले, दुकानदाराच्या माठातलं पाणी प्याले आणि परत आले.

"एवढ्या भावात हरनाले माराचं हाय, का मले माराचं हाय?" ओसरीवर टेकत ते नत्थूला म्हणाले.

नत्थू त्यांचा चुलतभाऊ. कोणतीही वस्तू स्वस्त कुठे मिळते हे त्याला ठाऊक असे. ती तिथे स्वस्त का मिळते, हे तो कधी विचारत नसे.

"तुमी हिंगणघाटले गेलेच काऊन, दादा? माहा साडभाऊ हाय ना आर्वीले. लग्नाची आतशबाजी बनवते. डबाभर बारूद पडून राह्यली त्याच्या घरी. फुकटात जमा समजा."

"ते शोभेची हाय ना पन?"

"बारूद म्हंजे बारूद, दादा. आपुन नवरदेवापुढे जळून राह्यलो का हरनापुढे, हे तिले काय मालूम?"

हे रूपरावांना पटलं.

गोळ्यांसाठी नत्थूनं नदीतले खडे सुचवले होते. पण खड्यांनी नळी खरवडली जाईल आणि नळी वडिलांची होती. शेवटी आर्वीच्या सायकल दुरुस्तीवाल्यानं झिजलेले छर्रे मूठभर तसेच देऊन टाकले. "वापरून झाले का वापस आनतो," असं रूपराव त्याला आपणहून म्हणाले.

रूपरावांच्या बायकोनं, अन्नपूर्णाबाईंनी, बारुदीची पुडी उघडून पाहिली. "याच्यात हे चमकून काय राह्यलं?"

"ताकद," नत्थू म्हणाला.

"अन् हरीन नाई भेटलं त? पाव्हन्याईपुढे मी काय वाढू? एखादा कोंबडा त सांगून ठेवा."

"हरीन असल्यावर कोंबडा कायले?" रूपराव म्हणाले आणि बंदूक पुसायला बसले.

पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे होते. पण तिकडे कारंज्यात निघायची तयारी चालली असताना मुलाच्या वडिलांना, श्रावणजींना, आठवलं की उद्या चतुर्थी आहे आणि आपला उपास असतो. हरणाचं मटण पानात असताना आपण साबुदाणा खायचा, हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी त्याच दुपारी बैलांची दमणी जुंपली आणि धाकट्या भावाला, प्रेमदासला, बरोबर घेतलं.

इकडे दिवस बुडताना रूपराव आणि नत्थू शेताच्या बांधाआड जाऊन बसले. नत्थूनं नळीत बारूद ओतली, चिंधी कोंबली, गजानं ठासली, वरून छर्रे सोडले आणि घोड्याखाली वडिलांच्या वेळची टोपी बसवली. हरणं ठरल्यासारखी आली. सगळ्यात पुढे चांगलं भरलेलं एक काळवीट होतं. रूपरावांनी श्वास रोखून नेम धरला आणि चाप ओढला.

टोपी फुटली. बार मात्र झाला नाही. नळीतून आधी फुस्स असा आवाज आला, मग धूर आला आणि मग पिवळ्या ठिणग्यांचा फवारा सुरू झाला.

"दादा, बांधावरची कपाशीची पऱ्हाटी पेटन!" नत्थू ओरडला. "वर करा! वर करा तिले!"

रूपरावांनी नळी आभाळाकडे केली. फवारा बाभळीच्या शेंड्यापर्यंत चढला. पिवळ्याचा पांढरा झाला, पांढऱ्यात थोडं हिरवं दिसू लागलं. टाकून द्यावी तर बंदूक वडिलांची, धरून ठेवावी तर मिशी जळत होती. रूपराव तसेच उभे राहिले. मधूनच एखादा छर्रा उडून त्यांच्या फेट्यावर टपकन पडे, तेव्हा तो घरंगळत कुठे गेला तेवढं ते डोळे किलकिले करून पाहून ठेवत.

हरणं पळाली नाहीत. त्यांनी माना वर करून शेवटपर्यंत पाहिलं आणि अंधार झाल्यावर पुन्हा हरभऱ्यात तोंडं घातली.

सापडले तेवढे छर्रे गोळा करून दोघं घरी आले, तेव्हा दारात दमणी सुटलेली होती. श्रावणजी ओसरीवरून धावतच खाली उतरले आणि त्यांनी रूपरावांना, बंदुकीसकट, मिठी मारली.

"वा रूपरावजी, वा! आमी आजच येऊन राह्यलो हे तुमाले समजलं तरी कसं? अन् सोयऱ्याईसाठी आतशबाजी! ते बी सोता हातात धरून! मी दमनीतून पाहूनच राह्यलो. आमच्या गावचे लोक म्हनत होते, रूपराव मोठा चिकट मानूस हाय. लोकाईचं काय आयकता? दिलदार मानूस हाय तुमी!"

रूपरावांची एका बाजूची मिशी गेली होती. खरं काय ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

अन्नपूर्णाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मग आत भिंतीआड कान देऊन उभ्या असलेल्या कमलाकडे पाहिलं. या घरात त्यांनी काडेपेटीसुद्धा नवऱ्याकडे मागून घेतली होती.

"हे त काईच नाई, श्रावणजी," त्या डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या. "हे नुसतं पाव्हन्याईसाठी. लग्नात पाहा तुमी."

रूपरावांना जोराचा ठसका लागला. नत्थूनं त्यांची पाठ चोळली.

"अन् हरीन कुठं हाय?" प्रेमदासनं विचारलं.

"घरात शुभकार्य असताना जीव कोन मारते, भाऊ?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

श्रावणजींना भरून आलं. इतक्या मोठ्या मनाचं माणूस आपण पाहिलं नाही, असं ते वांग्याची भाजी आणि भाकर खाताना म्हणाले. शब्द पक्का झाला. जेवता जेवता त्यांनी वाजंत्रीचा विषय काढला. "आर्वीची सांगान का?"

"नागपूरची," अन्नपूर्णाबाई भाकर वाढत म्हणाल्या. रूपरावांनी घास खाली ठेवला आणि पाणी मागितलं.

हात धुताना प्रेमदासनं आपली तक्रार मांडली. तो येताना दमणीत झोपला होता आणि त्याला काहीच दिसलं नव्हतं. "मले बी दाखवा ना, रूपरावजी. थोडंसं."

सगळे रूपरावांकडे पाहू लागले. आजवर त्यांना हिशेबी म्हटलं होतं, धोरणी म्हटलं होतं, पाठीमागे बरंच काही म्हटलं होतं; दिलदार असं कुणी म्हटलं नव्हतं. ते उठले, बंदूक घेतली आणि अंगणात जाऊन ती आभाळाकडे तोंड करून खुंटाला बांधली. शेजारची माणसं कुंपणाशी जमली. कमलाही दारापर्यंत आली.

नत्थूनं पुडी उघडून नळीत बारूद ओतली आणि सवयीनं अर्ध्यावर हात थांबवला. "बस झाली ना, दादा? राह्यलेली ठेवून देऊ?"

रूपरावांनी अंगणातल्या गर्दीकडे एकदा पाहिलं.

"ठेवून काय करतं? ओत सारी."