नराची पपई

पपईला कुऱ्हाड दाखवायची ती मंगळवारी सकाळी, असं ठरलं आणि 'तोडू नको' म्हणायचं काम नागोजी अण्णांच्या वाट्याला आलं. चारचौघांत बोलायचं म्हणजे अण्णांना संकटच. शहराच्या कॅम्प भागातल्या एका शाळेच्या ग्रंथालयात त्यांनी तीस वर्षं काढली होती, तीही बहुतेक न बोलता. पिरनवाडीला घरी परत येताना बस स्टॉपच्या पुढं गेली तरी 'थांबवा' म्हणण्यापेक्षा ते पुढच्या स्टॉपवर उतरून चालत मागं यायचे.

रीत तशी साधी होती. फळ न धरणाऱ्या झाडासमोर एकानं कुऱ्हाड उगारायची आणि दुसऱ्यानं मधे पडून म्हणायचं, 'राहू दे, पुढच्या वर्षी धरंल.' झाड भितं आणि धरतं. अण्णांच्या अंगणातल्या पपईला तीन वर्षं नुसत्या फुलांच्या लांब माळा लोंबत होत्या. भिंतीपलीकडं मालुबाईंच्या दोन झाडांना मात्र पपया अशा लगडल्या होत्या, की खोड दिसत नव्हतं.

"आक्का, तुमचं झाड लई नटतंय बगा," मालुबाई भिंतीवरून म्हणायच्या. "रोज नवी माळ!"

हे चंद्राबाईंना झोंबायचं. कुऱ्हाड उगारणार होता मालुबाईंचा नवरा गुंडू. सोमवारी दुपारी चंद्राबाईंनी आपल्या नवऱ्याची तालीम घेतली.

"म्हणा, 'तोडू नको गुंडू, पुढच्या वर्षी धरंल.'"

अण्णा चष्मा पुसत राहिले. "पण ते धरणार न्हाय गं. नराचं झाड हाय ते."

"झाडात कुठला आलाय नर?"

अण्णांनी माळेतलं एक फूल तोडून बायकोच्या तळव्यावर झटकलं. बोटभर जागेत पिवळी भुकटी सांडली. "हे पराग. हे मालुबाईंच्या फुलांत जाऊन पडलं, तरच तिकडं बी धरतंय आणि पपई फुगतीया. वारा नेतोय, माश्या नेत्यात, सांजेला पतंग नेत्यात. आपलं झाड देतंय म्हणून त्यांचं धरतंय."

आता हिला झाडाचा अभिमान वाटेल, असं अण्णांना वाटलं. चंद्राबाईंनी तळवा पदराला पुसला.

"म्हंजे पाणी आमचं, शेणखत आमचं, आणि हे संसार करतंय मालुबाईच्यात?"

"तसं न्हाय..."

"मग कसं? उद्या कुऱ्हाड दाखवायची न्हाय. चालवायची!"

अण्णा हादरले. हे झाड वाचवण्यात मालुबाईंचाच फायदा होता, तेव्हा त्यांनाच मधे घालावं, असा बेत करून ते आयुष्यात पहिल्यांदा एकटे शेजारी गेले. मालुबाई पपईच कापत होत्या. अण्णांनी जमिनीकडं बघत परागकण, वारा, माश्या सगळं सांगितलं. पतंगांपाशी आल्यावर मालुबाईंची सुरी थांबली.

"म्हंजे तुमच्या झाडाचं माझ्या झाडांकडं येणं-जाणं हाय म्हणता? सांजेचं?"

"पतंगांकरवी, मालुबाई."

"अण्णा, तुम्हाला भला माणूस समजत हुते मी! माझी झाडं सरळ हाईत. सोताच्या हातानं लावल्यात. तोडाच ते मेलं!"

दहा वर्षांत त्या दोघी बायकांचं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं.

अण्णा जेवले नाहीत. ताट तसंच बघून चंद्राबाईंनी थोडी माघार घेतली. "ते एक वाक्य म्हणालासा तर आणि एक वरीस ठेवते. न्हाय म्हणालासा तर गेलं."

मंगळवारी गुंडू हळद-कुंकू लावलेली कुऱ्हाड घेऊन आला. गल्लीतली पाच-सहा माणसं जमली. गुंडूनं कुऱ्हाड उगारली.

"फळ न्हाय, काय न्हाय! काय करायचंय असलं झाड? आज तोडतोच!"

सगळ्यांनी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी तोंड उघडलं. "पुढच्या..." आणि ते अडकले. तीस वर्षांत त्यांनी एकाही पोराला चुकीचं पुस्तक दिलं नव्हतं. झाडाशी बोललेलं खोटं हे खोट्यात धरायचं की नाही, हे त्यांना ठरवता येईना.

"अण्णा, बोला की वो," गुंडू कण्हला. "खांदा धरला माझा."

अण्णा वळले आणि घरात गेले. लोकांना वाटलं, पळाले. ते लोखंडी खुर्ची घेऊन आले, खोडाला टेकवून मांडली आणि तिच्यावर बसले.

"तोडू नको, गुंडू." आवाज फाटला, पण थांबला नाही. "हे झाड धरणार न्हाय. पुढच्या वर्षी न्हाय, कधीच न्हाय. तरी बी तोडायचं न्हाय!"

"असं म्हणायचं नसतंय अण्णा," गुंडू कुजबुजला. "झाड ऐकतंय."

"ऐकू दे. खरं ऐकू दे."

"अवं, उठा तिथनं!" चंद्राबाई ओरडल्या.

"उठणार न्हाय."

लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती. नवऱ्याच्या तोंडून असा नकार चंद्राबाईंनी आज पहिल्यांदा ऐकला. गुंडूची कुऱ्हाड खांदा दुखल्यामुळंच खाली आली. अकरा वाजता चंद्राबाईंनी चहा आणून खुर्चीच्या हातावर आदळला, पण आणला. पुढचे आठ दिवस अण्णा रोज सकाळी पुस्तक घेऊन तिथंच बसले.

थंडी सरली आणि एका सकाळी भिंतीवरून मालुबाईंची आरोळी आली. "आक्का! भाईर या!"

एका माळेच्या टोकाला, लांब देठावर, मुठीएवढी पपई कानातल्या डुलासारखी हलत होती.

"धरलं की वो अण्णा!" गुंडू धावत आला. "माझ्या कुऱ्हाडीला भ्यालं!"

"कुऱ्हाडीला कशाला भितंय?" चंद्राबाई म्हणाल्या. "हे 'कधीच न्हाय' म्हणाले न्हवं, त्याचा राग आलाय त्याला."

अण्णांचे कान लाल झाले. नराच्या झाडाचं ज्यात वाचलं होतं, ते पुस्तक त्यांनी घरात जाऊन उघडलं. शाळेनं रद्दीत काढलेलं ते त्यांनी निवृत्तीच्या वेळी घरी आणलं होतं. पपईच्या पानावर शाळेचा गोल जांभळा शिक्का होता. भिंग लावल्यावर शिक्क्याखालची ओळ दिसली: 'नराच्या झाडालाही क्वचित, विशेषतः थंडीनंतर, फळ धरते.' शिक्का अण्णांच्याच हातचा होता.

पुढच्या मंगळवारी गुंडू पुन्हा कुऱ्हाड घेऊन हजर झाला. एकदा दाखवून एक धरलं, तर आणखी दाखवू, असा गल्लीचा हिशेब होता. अण्णा आधीच खुर्चीवर बसले होते.

"आता तरी म्हणशिला?" गुंडूनं विचारलं. "पुढच्या वर्षी धरंल म्हणून?"

अण्णांनी मान वर करून त्या एकुलत्या पपईकडं बघितलं.

"ठाऊक न्हाय," ते म्हणाले. "धरंल, न्हाय धरंल. माझ्या पुस्तक वाचण्याचा काय भरवसा न्हाय. तरी बी तोडायचं न्हाय."

चंद्राबाई घरात गेल्या. त्या दुसरी खुर्ची घेऊन आल्या आणि खोडाच्या दुसऱ्या बाजूला मांडून बसल्या. "ऐकलंस न्हवं गुंडू? ठेव ती खाली."

भिंतीपलीकडं मालुबाई आपल्या झाडांच्या नव्या कळ्या मोजत होत्या. मोजून झाल्यावर त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज बारीक केला.

"अण्णा, त्ये पतंग... सांजेला येत्यात न्हवं अजून?"

"येत्यात की."

"येऊ देत," मालुबाई म्हणाल्या. "मी सांजेचा भाईरचा दिवा लावायचा बंद केलाय."